केळीवाल्याची मुलाखत

इंग्रजीत मला फक्त प्रश्न विचारता येतात. उत्तरं येत नाहीत. हे कौशल्य मी पंधरा दिवसांत कमावलं आणि त्यापायी लेकीचा पहिलीचा प्रवेश घालवायच्या बेतात होतो.

नांदेडच्या त्या शाळेत आधी आईबापाची मुलाखत, तीही इंग्रजीत. (प्रवेश पोरीचा, परीक्षा बापाची!) आम्ही अर्धापूरचे, केळीवाले. बारावीतली पुतणी शीतल मला शिकवायला बसली. आमची ईश्वरी शेजारी बसून ऐकायची. मला एकच गोष्ट जमली: वाक्यातला 'इज' उचलून पुढं ठेवला की प्रश्न होतो. मग मी घरातल्या भांड्याकुंड्यांनाही प्रश्न विचारत सुटलो. शीतल म्हणाली, "काका, तिथं उत्तरं द्यायची असतेत."

तिला काय ठाऊक! बागेत व्यापारी येऊन भाव विचारतो, तेव्हा आमच्याकडं आकडा कोणी सांगत नाही. "तुम्हीच बोला की," म्हणायचं. जो आधी बोलला तो बुडाला. वडिलांपासून हेच चालत आलंय.

मुलाखतीत मॅडमनी इंग्रजीत मुलीचं नाव विचारलं. मी म्हटलं, "इज युवर स्कूल गुड?" त्या हसल्या. मग माझा व्यवसाय विचारला. मला वाटलं, गिऱ्हाईक नरमलंय. "इज टीचर गुड? इज वॉटर गुड?" मॅडमचं हसू गेलं. त्यांनी आमचा फॉर्म बाजूला सारला आणि पुढच्या पालकांना आत बोलावलं. व्यापारीही असाच उठून जातो आणि बांधावरून परत फिरतो, म्हणून मी निवांत बसून राहिलो.

बायकोचा, मीराचा, धीर सुटला. ती सरळ मराठीत म्हणाली, "मॅडम, ह्यांना वाटतंय हे केळी इकून राहिले. तुम्ही पोरीला इचारा, तिला समदं येतंय."

मॅडमनी व्यवसायाचा तोच प्रश्न शेजारी बसलेल्या ईश्वरीला विचारला. पोरगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात इंग्रजीत म्हणाली, "माझे पप्पा शेतकरी आहेत." मला इतकी लाज आणि इतका आनंद एकाच वेळी कधी वाटला नव्हता.

प्रवेश झाला. मॅडमची अट एकच: पालकसभेला आईनं यायचं.

चार वर्षं मी शाळेच्या फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून सभा संपायची वाट बघतोय. परवा ईश्वरीनं विचारलं, "पप्पा, तुम्ही आत का येत न्हाई?"

मराठीतही मी प्रश्नच विचारला, "तुझी मम्मी कुठं राहिली?"