मल्हारीचा खोकला

मल्हारी विहारात वंदना म्हणायला लागला, की दाराशी चपला काढणारी माणसं तशीच थबकायची. असला गळा! पण पंचशील सुरू झालं की गंमत. चार शीलं खणखणीत, आणि पाचवं, दारूचं, आलं की गड्याला हटकून खोकला. सगळी कॉलनी त्याला ‘चारशीले’ म्हणायची.

तसा माणूस कामाचा. अंबडच्या कारखान्यात लेथवर. फक्त सुट्टी झाली की सायकल आपोआप देशीच्या दुकानाकडे वळायची.

लेकीचं, अंजलीचं, लग्न ठरलं. तिने बापाला चुलीपाशीच गाठलं. “आबा, मंडपात पंचशील तुम्हीच द्यायचं. पण पाचव्याला खोकलात, तर मी जोडलेले हात तिथंच सोडीन.”

त्याची बायको सुमनबाई भाकरी थापत म्हणाली, “घ्या! आता सासरकडचे बघतील यांचा खोकला.”

मल्हारीची झोप उडाली. रविवारी तो विहारातल्या बैठकीला गेला. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं तिथं जमत. आधी डोळे मिटून श्वासाकडे बघायचं, मग पंचशील, मग ज्याने त्याने आपलं सांगायचं. उपदेश कुणी करायचा नाही. बैठक सावळीरामदादांची, एसटीचे जुने ड्रायव्हर, स्वतः त्यातून उठलेले.

“काय रे, पाचवं का गिळतोस?” दादांनी विचारलं.

“दादा, पिणाऱ्यानं पाचवं म्हटलं तर ते खोटं झालं. म्हणजे खोटं न बोलायचं चौथंही मोडलं! एकापायी दोन कशाला घालवू?”

बैठक पोट धरून हसली. दादा डोळे पुसत म्हणाले, “अरे शहाण्या, ही काय कोर्टातली शपथ आहे? सिक्खापदं म्हणतो ना आपण? म्हणजे शिकायचा धडा. चुकला की पुन्हा गिरवायचा.”

तो शब्द मल्हारीच्या डोक्यात बसला. सुट्टी झाली की तो कारखान्याच्या फाटकाशी सायकल धरून उभा राहायचा, श्वास आत-बाहेर बघायचा, तलफ ओसरली की घराकडे टांग मारायचा. पेठला एका पाहुण्याकडे घसरलाच एकदा. रविवारी मान खाली घालून आला. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी मिळून पाचवं शील त्याच्याकडून शब्दाशब्दाने गिरवून घेतलं.

लग्नाचा दिवस आला. मंडप भरलेला. बौद्धाचार्यांनी माईक मल्हारीच्या हाती दिला.

“चारशीले, खोकला आणलाय ना?” मागून कुणीतरी ओरडलं.

चार शीलं झाली. आणि नेमका अगरबत्तीचा धूर घशात गेला! मल्हारी जो खोकला, तो थांबेना. अंजलीची जोडलेली बोटं सुटायला लागली.

“थांब गं पोरी!” तो माईकवरच ओरडला, “हा खराखुरा खोकला हाय!”

मंडप हसून लोटपोट. त्या हशातच मल्हारीने गळा उघडला, “सुरामेरय मज्ज पमादट्ठाना वेरमणी...” मागच्या रांगेतून सावळीरामदादांची अख्खी बैठक असा सूर देऊन उठली, की बाहेर रिक्षावाले थांबले. अंजलीचे हात छातीशी घट्ट जुळले होते, आणि ती लग्नाची नवरी असून मोठमोठ्याने हसत होती.