दर दोन तासांनी एक कूस

डॉक्टरांनी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्याखाली टकटक केलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर केलं. तोही हलला नाही. मग घोटे झाले, कोपरं झाली. डॉक्टरांनी हातोडी खिशात ठेवली आणि विचारलं, "गुरुजी, मागच्या महिन्यात जुलाब झाले होते का?"

"लग्नाच्या जेवणानंतर झाले होते. तीन दिवस."

"जीबीएस वाटतंय. गिलेन बॅरे सिंड्रोम."

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं, विमलनं, ते नाव मनातल्या मनात म्हणून पाहिलं. तिचे ओठ हलले, पण नाव काही जमलं नाही. मग डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं. आपल्या शरीरातलं सैन्य जंतूंशी लढतं. कधीकधी जंतू जातात, पण सैन्याला शत्रू कोण ते कळेनासं होतं आणि ते आपल्याच नसांवर उलटतं. वायरीवरचं प्लास्टिक सोलून निघावं तसं नसांवरचं आवरण जातं. मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही. हे पायापासून वर चढत येतं.

"चालतील ना?" विमलनं विचारलं.

"बहुतेक जण चालतात. पण आधी वाढेल, मग थांबेल, मग उतरेल. वाढेल किती, ते आज सांगता येणार नाही."

मी देवळाली प्रवराचा. प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झालो. आमच्या मंडळीचे पाळक साहेब बाहेरगावी असले की चर्चमध्ये संदेश मी देत असे. त्याहून मोठं काम म्हणजे आजाऱ्यांना भेटणं. राहुरी, श्रीरामपूर, नगर, कुठंही आपलं माणूस दवाखान्यात असलं की मी मोटारसायकल काढायचो. कॉटजवळ उभा राहून प्रार्थना करायचो, धीर द्यायचो, निघायचो. लोक म्हणायचे, गुरुजी येऊन गेले की बरं वाटतं. मला ते ऐकायला आवडायचं, हे कबूल करतो.

हा आजार कोणाच्या वाट्याला येऊ नये, पण आलाच तर वेळ घालवू नका. माझे चार दिवस वाया गेले. पहिल्या दिवशी पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. वाटलं, शुगर वाढली. दुसऱ्या दिवशी अंगणात चालताना एक चप्पल पायातून निसटली आणि दहा पावलं गेलो तरी मला कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी जिना चढता येईना. चौथ्या दिवशी सकाळी पाटावरून उठताच येईना. शेजारचे भाऊसाहेब उसाला पाणी देऊन परत येत होते. विमलनं हाक मारल्यावर ते चिखलाच्या पायांनीच आत आले, मला काखेत धरून उचललं आणि गाडीत घालून थेट नगरला आणलं.

दवाखान्यात दोन तपासण्या झाल्या. लंबर पंक्चर म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईनं थोडं पाणी काढतात. नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये नसांना बारीक झटके देऊन निरोप किती वेगानं जातो ते बघतात. दोन्ही सोसण्यासारख्या आहेत. निदान पक्कं झालं आणि इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं हे औषध पाच दिवस शिरेतून देतात. कोणी कोणी रक्त दिलं असेल, त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत.

खरी भीती श्वासाची होती. डॉक्टर दिवसातून तीनदा यायचे आणि म्हणायचे, "एक मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा." जेवढे आकडे, तेवढी छातीत ताकद. पहिल्या दिवशी मी बत्तीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी एकवीस. विमल पायथ्याशी उभी राहून माझ्याबरोबर मनात मोजायची. तिसऱ्या दिवशी मी अकरावर थांबलो आणि तिचे ओठ बारा, तेरा, चौदा म्हणत पुढं गेले. मग तिच्या लक्षात आलं.

त्याच दुपारी मला व्हेंटिलेटरवर घेतलं. म्हणजे श्वास यंत्रानं घ्यायचा. काही दिवसांनी ट्रॅकिओस्टोमी केली. गळ्याला छोटं भोक पाडून त्यातून नळी घालतात. नळी असेपर्यंत आवाज फुटत नाही. हात, पाय, मान, चेहरा, सगळं गेलं. राहिले डोळे. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही.

यात एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. आत माणूस पूर्ण जागा असतो. सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, अंग दुखतंही. फक्त सांगता येत नाही.

तुम्हाला वाटेल, इतका प्रार्थना करणारा माणूस, त्यानं तिथं रात्रंदिवस प्रार्थना केली असेल. नाही केली. शब्द सुचायचेच नाहीत. आयुष्यभर ज्या वाक्यांनी मी इतरांना धीर दिला, ती वाक्यं दुसऱ्याच्या अंगातल्या शर्टासारखी परकी वाटायची. "हे देवबापा" म्हणायचो आणि पुढं काहीच यायचं नाही. मला वाटलं, पायाबरोबर विश्वासही गेला.

असाच एक दिवस मंडळीतून तिघं जण भेटायला आले. आयसीयूमध्ये एकालाच सोडतात, म्हणून आमच्यातले ज्येष्ठ, दानिएल मास्तर, आत आले. माझ्यावर त्यांचा जीव. त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. नेमकं थोड्या वेळापूर्वी सिस्टरनं मला कुशीवर केलं होतं आणि माझा डावा कान उशीखाली दुमडला गेला होता. वाचून हसू येईल. पण दुमडलेला कान, त्यावर अख्ख्या डोक्याचं वजन आणि हलता येत नाही, हे दहा मिनिटं करून पाहा. कानात निखारा ठेवल्यागत होत होतं. मास्तर माझ्या नसांसाठी मागत होते, डॉक्टरांसाठी मागत होते, मग पाऊसपाण्यासाठी, मग देशासाठी. मी डोळे मिटतोय, उघडतोय, मिटतोय, उघडतोय. पण मास्तरांचे डोळे बंद होते.

फरशी पुसायला हमीदा मावशी आल्या. त्यांनी प्रार्थनेचा मान ठेवून फडकं बाजूला ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर माझ्या डोळ्यांकडं गेली. पुढं आल्या, हात पदराला पुसले, माझं डोकं अलगद उचललं आणि कान सरळ केला. दोन बोटांनी जरा चोळलासुद्धा.

"कान दुखून ऱ्हायला होता त्यांचा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "चालू द्या तुमचं."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मास्तरांना वाटलं, प्रार्थना लागली. बाहेर जाऊन त्यांनी तसं सांगितलंही. लागली होती, पण कोणाची ते मला माहीत होतं.

दानिएल मास्तरांना मी नावं ठेवत नाही. तीस वर्षं त्यांच्या जागी मीच उभा होतो. किती जणांचे कान माझ्यासमोर दुमडलेले राहिले असतील, देव जाणे. आणि त्यात एक नाव वर आलं ते आजतागायत गेलं नाही. माझ्या आईचं.

आई अर्धांगानं तीन वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं विमलनं केलं. हागणं-मुतणं, अंघोळ, भरवणं. मी रोज संध्याकाळी आईच्या उशाशी बसून प्रार्थना करायचो, मग घरोघरच्या प्रार्थना सभांना निघून जायचो. आई म्हणायची, "बाळा, जरा कुशीवर कर." मी काय म्हणायचो? "विमल, आई बोलावतेय बघ."

व्हेंटिलेटर एकोणीस दिवसांनी निघालं. मला वॉर्डात आणलं. तिथं सिस्टरनं विमलला सांगितलं, "मावशी, दर दोन तासांनी यांची कूस बदलायची. नाहीतर बेडसोअर होतील." बेडसोअर म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं कातडी कुजून होणारी जखम. सिस्टर कसं करायचं ते दाखवायला लागली. विमलनं तोपर्यंत चादर निम्मी गुंडाळून माझ्या पाठीखाली सारलीसुद्धा. एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि मी वळलोही.

"तुम्ही नर्स होता का?" सिस्टरनं विचारलं.

"नाही हो," विमल म्हणाली. "आमच्या सासूबाई होत्या."

भाऊसाहेब दर गुरुवारी डबा घेऊन यायचे. माळकरी माणूस. आल्या आल्या कॉटच्या कडेला बसायचे आणि माझं पाऊल मांडीवर घ्यायचे. "गुरुजी, मला काय तुमच्यावानी देवाशी बोलता येत न्हाई. म्या आपला बसतो," म्हणायचे आणि तासभर तळवा चोळत बसायचे. तळव्याला काही कळायचं नाही. मला कळायचं. घरच्या शेळीनं दोन करडं दिल्याची बातमी त्यांनीच आणली. "एक तुमच्यावानी बारीक हाय, पर उठून हुबं ऱ्हायलं," म्हणाले. त्या वॉर्डात मी पहिल्यांदा हसलो, म्हणजे निम्म्या तोंडानं.

नळी निघाली, गळ्याचं भोक भरत आलं आणि एका सकाळी घोगरा आवाज फुटला. मी कित्येक दिवस एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. विमल माझं तोंड पुसत होती.

"विमल, आईचं... मी काहीच केलं नाही. तू केलंस. माझं चुकलं."

ती पुसायची थांबली. "इतक्या दिवसांनी बोललात आणि हे बोललात? मला वाटलं, चहा मागाल."

"मी खरं सांगतोय."

"मीही खरंच सांगते. मला राग यायचा. लई यायचा. तुम्ही बाहेर देवाचं काम करताय आणि मी घरात चादरी धुतेय, असं वाटायचं." ती कॉटवर टेकली. "पण एक सांगू? तुमची प्रार्थना ऐकल्याशिवाय त्या झोपायच्या नाहीत. तुम्हाला उशीर झाला की दाराकडं बघत बसायच्या. मी पाठ कोरडी केली तरी त्यांना तुमचा आवाज लागायचाच. तेव्हा ते वाया गेलं म्हणू नका."

"मग माझं चुकलं काय?"

"प्रार्थना करताना डोळे मिटायचात, तेवढं चुकलं," ती म्हणाली आणि हसली. मग उठून खरोखरच चहा आणायला गेली.

त्या दिवशी मला प्रार्थना सुचली. फार लहान होती. विमलला चहा चांगला मिळू दे, एवढीच.

पुढचं सगळं फिजिओथेरपीचं. स्नायूंना पुन्हा कामाला लावण्याचे व्यायाम. जीबीएस चढताना दिवसांत चढतो आणि उतरताना महिन्यांनी उतरतो, हे मनात पक्कं धरा. आधी हात आले, मग कंबर, पाय सगळ्यात शेवटी. शर्टाचं बटण लावायला मला पंचवीस मिनिटं लागायची. फिजिओथेरपिस्ट ताई वयानं माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढी, पण कडक. "गुरुजी, रडायचं असेल तर रडा, पण रडता रडता पाय उचला," म्हणायची. दवाखान्यातून निघताना मी हमीदा मावशींना हात जोडले. हात नीट जुळत नव्हते, बोटं वाकडी राहत होती. त्यांनी ती स्वतःच्या हातात घेतली. "दुआ करा आमच्यासाठी," म्हणाल्या.

आठव्या महिन्यात वॉकर घेऊन चर्चमध्ये गेलो. लोकांना साक्ष हवी होती, चमत्काराची. मी उभा राहिलो आणि ज्यांनी ज्यांनी मला उचललं, पुसलं, भरवलं, त्यांची नावं सांगितली. यादी संपायला बराच वेळ लागला. मग बसलो. काही जणांना वाटलं, गुरुजींचा संदेश अजून सुरूच व्हायचाय.

आता मी काठीवर चालतो. डाव्या पायाला अजून मुंग्या येतात. आजाऱ्याकडं अजूनही जातो, पण लवकर जातो आणि आधी विचारतो, काय हवंय. नखं काढून देतो, दाढी करतो. उत्तर देता येत नसेल, तर चेहऱ्याकडं बघत बसतो. तुमच्या घरी कोणी असं पडून असेल, तर एवढं करा. त्याच्याकडं डोळे उघडे ठेवून बघा.

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळीतल्या यशवंत बाबांकडं गेलो होतो. नव्वदीचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, कमरेचं हाड मोडल्यामुळं पडून. सुनेला जरा शेतावर जाऊन यायचं होतं. मी आणि त्यांच्या मुलानं मिळून त्यांचं अंग पुसून घेतलं, पाठीला पावडर लावली. "हळू की रे, मी काय उसाची मोळी आहे का?" बाबा ओरडले. मी म्हटलं, "बाबा, मोळी बोलत नाही." कुशीवर केलं, पाठीशी उशी लावली, गुडघ्यांमध्ये एक ठेवली, जशी विमल ठेवते.

काठी टेकत फाटकापर्यंत आलो आणि एकदम आठवलं, प्रार्थना राहूनच गेली. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वळून परत गेलो. बाबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

मी डोळे मिटले नाहीत. जरा वेळ त्यांचा श्वास वरखाली होताना बघितला, पायावरची चादर सारखी केली आणि घरी आलो.