वन्संच्या गाडीचं चेपलेलं दार

आमच्या वन्संचा ड्रायव्हिंग क्लास आहे. गाडी एकच. शेजारच्या सीटसमोर त्यांचा स्वतःचा ब्रेक, पण तोंड असं की ब्रेकची गरज पडू नये. "माझ्या विद्यार्थ्यानं गाडीला कधी ओरखडा काढलेला नाही," हे त्या जेवताना, भांडताना, पाहुण्यांना पाणी देतानासुद्धा सांगत. आम्ही कंटाळायचो, पण घाबरट माणसं या एका वाक्यावरच त्यांच्याकडे शिकायला यायची.

तर ही गाडी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला गेली आणि मागचं दार चेपून परत आली.

वन्सं जाब विचारायला गेल्या, तर मॅनेजरनं आधी थंडगार पाणी दिलं. ही माणसं पाणी विचारायला लागली की समजावं, आता गळा कापणार.

"मॅडम, शिकाऊ लोकांची गाडी. येतानाच चेपलेली असेल."

"असेल? मी काय डोळे घरी ठेवून आले होते?"

मग विमा कंपनीचा माणूस आला. गाडीभोवती फेऱ्या मारून म्हणाला, "वर्कशॉपनं ठोकली असेल तर त्यांच्याकडे मागा. विद्यार्थ्यानं ठोकली असं लिहून दिलंत, तर क्लेम लगेच पास."

मॅनेजर खुलला. "वा! सगळ्यांचंच भलं!" चोर सोडून संन्याशाला फाशी, वर भलं म्हणे!

घरी माझ्या नवऱ्यानं अक्कल पाजळली. "ताई, दे ना लिहून. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," वन्सं म्हणाल्या. त्यानं आमटी वाढून घेतली.

तिकडे समोरच्या क्लासवाल्यानं चेपलेल्या दाराचा फोटो गावभर फिरवला, मेल्यानं. शिकायला येणारे येईनासे झाले. वन्सं रोज वर्कशॉपात जाऊन एकच मागत, गाडी हलवणाऱ्याला समोर आणा. तो रोज सुट्टीवर असायचा.

शेवटी त्या विमावाल्यालाच ओढून घेऊन गेल्या. मीही गेले, तमाशा कोण सोडतं! त्या दिवशी ड्रायव्हर नेमका दारातच सापडला. भरघोस मिशा, मान खाली.

"मॅडम, ओळखलंत? तुमच्याकडेच शिकलो. साहेब घाई करत होते, रिव्हर्स घेताना खांब दिसला नाही."

मॅनेजरनं टाळीच वाजवली. "बघा! तुमच्याच विद्यार्थ्यानं ठोकली!"

"म्हणजे तुमच्या ड्रायव्हरनं, तुमच्या आवारात," विमावाला म्हणाला. "आमचा संबंध संपला." त्याला तेवढंच हवं होतं.

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. नवं दार आलं की फुकट बसवून देतो, असं त्यानं कसंबसं कबूल केलं. मला हसू आवरेना. पण वन्संकडे पाहिलं आणि हसू जिरलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. इतकी वर्षं ज्या वाक्यावर क्लास चालला, ते आता खोटं ठरलं होतं.

मॅनेजरनं राग ड्रायव्हरवर काढला. "उद्यापासून येऊ नकोस." खोटं बोलला असता तर नोकरी टिकली असती बिचाऱ्याची.

वन्संनी किल्ली त्याच्यापुढे धरली. "बस. चालव."

"मी?"

"मग काय ही वहिनी चालवणार? अर्धवट शिकवून सोडलं मी तुला."

मी मागे बसले, जीव मुठीत धरून.

आता नवीन कुणी आलं की वन्सं आधीच सांगून टाकतात, "माझ्या विद्यार्थ्यानं माझी गाडी ठोकली आहे. हा बघा, हाच. हाच तुम्हाला शिकवणार." काहीजण तिथूनच परत फिरतात. राहतात त्यांना रिव्हर्स मात्र वन्सं स्वतः शिकवतात.