फिल्म ट्रंकेतच राहिली

मनीषा, ये गं, अशी जवळ बस. महिना होऊन गेला, आत्याचा फोन उचलत नाहीस. असं वागतात का? शेवटी इथं, पेपरात, लिहायला बसले. रविवारची पुरवणी तू सोडत नाहीस, एवढं मला ठाऊक आहे.

तुझे अण्णा, म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळू. राहुरीकडच्या आमच्या पट्ट्यात कुणाची बादली विहिरीत पडो, मोटारीच्या पाइपाची तळातली जाळी तुंबो, बुडी मारायला बाळूलाच सांगावा जायचा. त्याच्या छातीचं गावाला केवढं कौतुक... छातीच्या वर डोकंही असतं, हे कुणाच्या ध्यानात आलं? उजवा हात बधिर व्हायला लागला, तेव्हा तूच त्याला नगरला नेलंस, तू कामाला आहेस त्या एमआरआय सेंटरात. मीही होते. मशिनात पडून थोडा वेळ श्वास रोखायचा आणि सोडायचा, एवढंच काम. पठ्ठ्या सोडेचना. तू काचेमागून माईकवर सांगतेस, "अण्णा, श्वास सोडा," आणि हा आपला मोठेपणा दाखवतोय. सगळं पुन्हा करावं लागलं. बाहेर येऊन म्हणतो कसा, "एवढ्यात तर मी पान्यात तंबाखू मळून येतो, आक्का."

मग तू मला बाकड्यावर बसवून समजावलंस. ऑक्सिजन भरलेलं रक्त चुंबकाला त्रास देत नाही. ऑक्सिजन देऊन रिकामं झालेलं रक्त मात्र स्वतःच बारक्या चुंबकासारखं वागतं, मेंदूतल्या आसपासच्या पाण्यातून येणारा संदेश लवकर विझवतं. विझायला किती वेळ लागतो, त्यावरून मशीन चित्र काढतं. श्वास रोखला की मेंदूकडं जादा रक्त धावतं, संदेश जरा जास्त टिकतो. अण्णांच्या डाव्या बाजूच्या एका कोपऱ्यात ते धावलंच नाही. "आत्या, तिथं जादा रक्ताची शिल्लक काहीच नाही, आता बुडी मारली तर झटका येईल," तू म्हणालीस आणि फिल्म माझ्या हातात दिलीस. "अण्णा विहिरीकडं निघाले की ही पुढं धर, तुझंच ऐकतात ते." मी व्हय म्हणाले.

दोनदा धरलीसुद्धा. "माझंच डोकं मला काय दाखवती?" असं पुटपुटत तो गपचूप ओट्यावर बसून राहिला.

मग माझ्याच मोटारीची जाळी तुंबली. कांद्याचं रोप माना टाकत होतं, दुसरा माणूस परवा येतो म्हणाला. मी बाळूला फोन केला. नुसतं वरून बघून जा, म्हणाले... खोटं कशाला बोलू? तो नुसतं बघणारा न्हाई, हे मला माहीत होतं. फिल्म ट्रंकेत होती आणि किल्ली माझ्या कमरेला. एकाच बुडीत त्यानं गोणीची चिंधी वर आणली. "कर चालू." पाणी आलं. मी चहा दिला. कप त्याच्या हातातून गळाला, आणि तो माझ्याकडं बघत राहिला. बोलता येईना. नगर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला सगळे म्हणाले, हट्टी होता, पोरीचं ऐकलं नाही. तूही रडत, रागानं तेच म्हणालीस. आणि मी मान हलवली. मान हलवली गं मी.

कांदा जोमात आहे. फिल्म आता खिडकीला लावली आहे. ऊन आलं की तो कोपरा उठून दिसतो... अण्णांनी तुझं ऐकलं होतं. तुला दिलेला शब्द मोडला तो मी. त्यांच्यावरचा राग माझ्या वाट्याचा आहे, तो घेऊन लवकर ये, बाई. दार उघडंच आहे.