ताईचा चढा दात

सेटराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कवळ्या बनवणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली ते कामाला लागले, तेव्हा इंग्रजीच्या नावानं आनंदच होता. पहिल्याच दिवशी उस्तादांनी प्लास्टर कालवलं आणि म्हणाले, "हे घट्ट झालं की म्हणायचं, सेट झालं." दुपारी मेणात दात बसवताना म्हणाले, "याला म्हणायचं सेट करणं." संध्याकाळी वरची-खालची कवळी जुळवून दाखवली. "आणि हा झाला सेट!" इंग्रजी एवढीच असेल तर घाबरायचं काय, असं म्हणून गडी निर्धास्त झाला.

पुढची पन्नास वर्षं त्या एका शब्दावर त्यांनी संसार रेटला. भाचीला नोकरी लागली, सेट झाली. शेजाऱ्यांचं भांडण मिटवलं, सेट केलं. कपबशा, सेट. भांग पाडला, केस सेट. कसं काय विचारलं तर, "एकदम सेट!" बायको रुसली की मुलांना हळूच सांगायचे, "जपून रे, आईचं अजून सेट नाही."

"ऐकू येतंय मला!" आतून आवाज यायचाच.

पण थोरल्या बहिणीचं काही सेट होईना. ताईचे सगळे दात गेले होते. पूर्वी ती हसली की शेजारपाजारची दारं उघडायची. आता हसू आलं की हात तोंडावर. रविवारी तिच्या पंच्याहत्तरीचा घरच्या सगळ्यांचा फोटो काढायचा होता. ताईनं बजावलं, "हे बोळकं घेऊन मी बसणार नाही. तुम्ही काढा फोटो, मी चहा टाकते."

"ताई, रविवारच्या आत तोंडभर दात देतो. नाही दिले तर दुकान बंद!"

डॉक्टरांनी माप घेतलं. सेटरावांनी जीव ओतला. मेणात एकेक दात असा लावला, की मोत्यांनी मान खाली घालावी. गुरुवारी डॉक्टरांकडे ती मेणाची कवळी ताईच्या तोंडात बसवून पाहिली. ताईनं आरसा घेतला. बराच वेळ बघितलं. मग कवळी काढून भावाच्या तळहातावर ठेवली.

"छान आहे रे. पण ही बाई कोण? मी हिला ओळखत नाही."

आणि तोंडावर हात धरून चालू लागली.

सेटराव घरातल्याच कामाच्या खोलीत येऊन बाकावर बसले. जेवण नको, चहा नको. शेवटी बायकोनं कपाटातला जुना फोटो आणून पुढ्यात ठेवला. "अहो, ताईंचे दात कधी एवढे सरळ होते हो?"

फोटोत विशीतली ताई खदखदून हसत होती. पुढचा एक दात शेजारच्याच्या खांद्यावर चढलेला. सेटरावांनी कपाळावर हात मारला. तो दात त्यांचीच करणी! सात वर्षांचे असताना त्यांनी झोपाळा जोरात सोडला, तो थेट ताईच्या तोंडावर. दात जो वळला तो वळलाच.

त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, मेण मऊ केलं. पण हात ऐकेना. पन्नास वर्षं सरळ दात लावणारा हात तो! तीनदा दात आपोआप सरळ बसला. चौथ्यांदा फोटो नाकाशी धरून त्यांनी तो वाकडा केला.

शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, "अहो, एक दात चुकलाय."

"चुकला नाही डॉक्टर. साठ वर्षांपूर्वी मीच चुकवलाय."

ताईनं आरसा घेतला. जीभ हळूच त्या दाताशी गेली आणि तिथेच थांबली.

"गाढवा! अजून लक्षात आहे तुझ्या?"

"आईला तू सांगितलंस, पायरीवर पडले."

"मग काय, तुला मार खाऊ देऊ?" ताई हसली. सवयीनं हात वर आला, पण अर्ध्यावरूनच खाली गेला. "काय रे, झालं का सेट?"

जन्मभर जिभेवर असलेला तो शब्द सेटरावांच्या तोंडून नेमका तेव्हाच फुटेना. त्यांनी नुसतीच मान हलवली.

शनिवारी मेणाच्या जागी पक्की कवळी तयार झाली. रविवारी ताई मधोमध बसली आणि अशी हसायला लागली, की फोटोवाला वैतागला. "आजी, जरा तोंड मिटा ना! तुमच्यामुळे सगळेच हलतायत."

"हसतील त्यांचे दात दिसतील, बाबा," ताई म्हणाली. "तू काढ!"