अकोल्याच्या ताईंच्या येरझारा

अकोल्याच्या ताईंना मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. चहासुद्धा त्या उभ्यानेच संपवायच्या, गॅलरीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत. दूर उत्तरेत, झिरकपूरच्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहायच्या आणि जवळच्या डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात नोकरीला जायच्या. मी सांगलीची, आयटी पार्कात कामाला. लिफ्टमध्ये मी आईशी फोनवर मराठीत बोलत होते, तेवढ्यावरून त्यांनी मला धरलं ते धरलंच.

मला दिवस गेले आणि पहिल्याच तपासणीत थायरॉइड कमी निघालं. डॉक्टरांनी रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. आईला डायबेटिस, त्यात माझं हे थायरॉइड, म्हणून साखरेवरही लक्ष ठेवायला सांगितलं. ताईंना मी हे सहज बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला त्यांचा फोन सुरू झाला. "घेतली काय गोळी?" घेतली म्हटलं की लगेच, "अन् चहा?" गोळीनंतर तासभर चहा नाही, लोहाची गोळी तर थेट दुपारी, हे त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. नवरा हसायचा. मला मात्र कधी कधी वैताग यायचा.

सहाव्या महिन्यात साखरेची पुन्हा तपासणी होती. ऑफिसात काम अंगावर आलेलं. पहिल्या वेळी नॉर्मल आली होती, आता पुढच्या आठवड्यात बघू, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ताई सकाळी रजा टाकून, रिक्षा घेऊन खाली हजर. लॅबमध्ये ते गोडमिट्ट पाणी पिऊन मी दोन तास मळमळत बसले आणि त्या समोर फेऱ्या घालत राहिल्या. शेवटी मी चिडले. "ताई, बसा ना जरा. तुमच्याकडे बघून मलाच धडधडतंय."

तेव्हा त्या जवळ येऊन थांबल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. त्यांनाही थायरॉइड होतं. बरं वाटतंय म्हणून पाचव्या महिन्यात त्यांनी आपल्याच मनाने गोळी बंद केली. साखर तर कधी तपासलीच नाही. सातव्या महिन्यात बाळ गेलं. नेमकं कारण सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"गोळी सोडल्यानंच गेलं, असं कुणी ठामपणे म्हटलं असतं ना, तरी मी एका जागी बसले असते गं," त्या म्हणाल्या. "काहून झालं, तेच कळत नाही."

माझी साखर वाढलेली निघाली. मग भात कमी झाला, बोट टोचून साखर बघणं आलं आणि जेवणानंतर ताईंबरोबर इमारतीभोवती चालणं. दिवस भरल्यावर मुलगी झाली. ठणठणीत.

ती दोन महिन्यांची असताना ताईंच्या यजमानांची बडोद्याला बदली झाली. खाली सामानाचा ट्रक भरत होता. बाळंतपणानंतरची साखर तपासलीस काय, त्यांनी विचारलं. मी बेधडक हो म्हटलं. त्यांनी मुलीच्या तळव्याला हात लावला आणि निघाल्या.

ते खोटं मला दोन दिवस टोचत राहिलं. तिसऱ्या दिवशी मुलीला नवऱ्याकडे सोपवून मी एकटीच लॅबमध्ये गेले. रिपोर्ट नॉर्मल आला, तसा ताईंना फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं.

आधी त्यांनी साखरेचा आकडा विचारून घेतला. मग त्या म्हणाल्या, "माहीत होतं मला. पण जाताना तुझ्याशी भांडायचं नव्हतं. आता दरवर्षी तपासायची. मी नाही तिथं."