देवीची राई

लग्न होऊन ठाण्याच्या खाडीतल्या त्या बेटावर आले, तर पहिल्याच दिवशी वाऱ्याने डोक्यावरचा पदर उडवला आणि मामंजींसमोर माझी शोभा झाली. बेट कसलं, मेलं टक्कल! चहूकडे मिठाचे वाफे, चार झोपड्या, लांब पुलावरून जाणाऱ्या आगगाडीचा धूर. झाड म्हणाल तर नावाला नाही. माझं माहेर कल्याणकडचं, आंब्या-फणसाच्या सावलीतलं. मी सासूबाईंना सांगून टाकलं, "मी इथं राई लावणार." त्या खो खो हसल्या. "लाव गो बाय, लाव. मीठ खाऊन जगतील तुझी झाडं."

मग तर मी हट्टालाच पेटले. भाऊ होडीने भेटायला येई, त्याला मी खाऊऐवजी माहेरची माती आणायला लावी. झोपडीच्या पश्चिमेला तिचे ढीग घालून त्यांत खाऱ्या वाऱ्यात तगणारी झाडं, रानातली भेंडी, करंज, उंडी लावली, भोवती झावळ्यांचा आडोसा केला. गोडं पाणीसुद्धा खाडीपलीकडून यायचं, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना. निम्मी रोपं वाळली. मी पुन्हा लावली. सासूबाई नाक मुरडत मुरडत आपल्या आंघोळीचं पाणी तिकडेच सोडू लागल्या, ते मी पाहिलं होतं बरं का!

काही वर्षांनी राई अशी दाट झाली की पदर जागेवर राहू लागला. मी हरखून गेले, आणि तिथंच घात झाला. खाडीवरचा वारा राईत अडू लागला, मागच्या वाफ्यांतलं पाणी आटेना, मीठ धरेना. नुसत्या उन्हावर मीठ पिकतंय होय? अख्खा जन्म मिठागरात काढलेल्या एकाही माणसाला हे आधी सुचलं नाही. सगळे माझ्या रोपांना हसण्यात दंग! आता शेजाऱ्यांनी मामंजींच्या मागे टुमणं लावलं. शेवटी त्यांनी सांगितलं, उद्या राई तोडायची. मी भांडले, रडले, जेवले नाही. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं ती.

सकाळी मामंजी कुऱ्हाड घेऊन निघाले, मागे शेजारी. बघतात तो उंडीच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला धोंडा उभा, त्याच्यापुढे हळदकुंकू, आणि शेजारी पदर खोचून सासूबाई. "देवी आली माझ्या सपनात. बोलली, मी इथंच बसणार." देवीच्या राईतली वाळकी काडीही उचलायची नाही, ही आमच्याकडची रीत. शेजाऱ्यांनी झटकन हात जोडले. मामंजी मात्र धोंड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग कुऱ्हाड खाली ठेवून तेही पाया पडले.

आता त्या चिखलाच्या बेटावर दगड औषधालाही नव्हता. संध्याकाळी मासळीच्या कालवणाचं वाटण करायला बसले, तर पाटा आहे आणि वरवंटा गायब! मी सासूबाईंकडे बघितलं. त्या चूल फुंकत होत्या, मान वर करतील तर शपथ. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मामंजी बिनवाटणाचं कालवण निमूट जेवले.

पुढच्या बाजाराला ते होडीने ठाण्याला गेले आणि नवा वरवंटा घेऊन आले. सासूबाईंपुढे ठेवून म्हणाले, "हा तरी घरात राहू दे."